पाव फेरा मागे

वीस मिलिग्रॅमची गोळी. मोहरीहून मोठी, तुरीहून बारीक.
बारा भोकांच्या चकतीतून ती एकेक सुटावी,
नळीतून घरंगळावी, उंदराच्या नाकापुढे पडावी.
कागदावर हे एका दुपारचं काम होतं.

पण टेकडीखाली मिरकरवाडा,
आणि आषाढात इथे काडेपेटीसुद्धा पेटत नाही.
गोळ्या फुगल्या, एकमेकींना धरून बसल्या,
स्क्रू आठवड्यात तांबूस.
आई मिठात टाकते तसे
मी डब्यात तांदूळ टाकले.
रात्री एक तांदूळच सुटला, गोळी म्हणून मोजला गेला,
आणि सात नंबरने तो दोन्ही हातांत धरून खाल्ला.

त्यावर आम्ही हसलो.

मग तो सोमवार.
अकरा नंबर : दिल्या, तीनशे साठ.
पिंजऱ्यात अकरा नंबर कोपऱ्याला, केस फुलवून,
पाठीचा मणका न् मणका बोटाला लागत होता.
रविवारी प्रणिताने पाणी भरलं, आकडा पाहिला.
आकडा ठीक होता.
मोटर तीनशे साठ वेळा फिरली होती,
नळीच्या वळणावर एकच गोळी आडवी.
‘दिली’ हा रकाना मीच आखलेला.
‘मिळाली’ असा रकानाच नव्हता.

होडेकरांच्या लेथवर पितळी चकती करायला गेले.
जेट्टीवर त्यांचं दुकान, डिझेल आणि सुक्या बांगड्याचा वास.
“उंदरांसाठी?” त्यांनी दोनदा विचारलं.
“आम्ही त्यांना औषध घालतो.”
मग चकती उजेडात धरून म्हणाले,
“पंख्यात जाळं गुंतलं की रेटायचं नाय.
आधी पाव फेरा मागे. मग बघायचं, सुटतंय काय.”
पैसे मात्र पूर्ण घेतले.

आता उजेडाची रेघ खाली, वाटीच्या तोंडाशी.
गोळीने ती कापली तरच नोंद.
नाही कापली, तर पाव फेरा मागे, पुन्हा पुढे,
असं तीनदा. आणि मग माझा फोन.

काल वाजला. दोन पन्नास.
रेनकोट, स्कूटर, चढ, कुलूप.
अकरा नंबर वाटीच्या काठावर पंजे टेकून उभा,
मिशा हलत होत्या.
भोकात गोळीचा चुरा. चिमट्याने काढेपर्यंत
त्याला कशाला थांबवायचं,
म्हणून एक गोळी बोटांनीच सोडली.

रेघ कापली गेली. यंत्राने लिहिलं : मिळाली.
शेऱ्यात मी लिहिलं : ही हाताने.