तिसऱ्या रात्रीचं आकाश

ल्यूब्लियानाहून मेत्का नावाच्या मुलीचा निरोप आला:
तुमचा खेळ सापडला.
मी ओसियेकला, द्रावा नदीच्या काठी,
मिरच्यांचे देठ खुडत बसलो होतो.
कुठला खेळ, म्हणालो. क्षणभर खरंच आठवेना.

शहाऐंशीचा हिवाळा.
रबरी बटणांचा स्पेक्ट्रम, ग्राझहून
कॉफीच्या पाकिटांखाली दडवून आणलेला.
जकात चुकवलेल्या त्याच यंत्रापुढे बसून
चोरीविरुद्ध पुढे मी किती बोललो.
ल्येर्का झोपली की लिहायचो:
एक नावाडी, एक होडी, सात रात्री,
पैलतीरी कंदील घेऊन थांबलेलं कुणीतरी.
अठ्ठेचाळीस किलोबाइट.
शेवटी आकाशाला जागा उरली नाही,
काळंच ठेवलं.

झाग्रेबच्या प्रकाशकाने दोनशे बारा कॅसेट विकल्या.
नोवी सादच्या बाजारात तिहोमीरने किती, त्याचं त्याला ठाऊक.
जुन्या गाद्या आणि सायकलच्या चेनींमध्ये
माझा खेळ मांडलेला, निम्म्या किमतीत,
आणि सुरुवातीच्या पडद्यावर, माझ्या नावाच्या जागी:
तिहोने फोडला.
तिहो म्हणजे आमच्या भाषेत हळू, गुपचूप.
त्या पैशांतून ल्येर्काला कोट घ्यायचा होता.
आजही कुणी 'जतन' म्हटलं की मला
दुकानाच्या काचेतला तो कोट दिसतो,
करडा, मोठ्या बटणांचा.

मग युद्ध. तळघरात पाणी.
मूळ टेप बटाट्यांबरोबर सडली.
प्रकाशक बुडाला, त्याचं कपाट कुणी घेतलं,
त्या कुणाला आणखी कुणी,
आता म्युनिकच्या एका कंपनीकडे माझा खेळ आहे.
म्हणजे कागद आहे.
मेत्काने विचारलं, तर तीन आठवड्यांनी उत्तर:
सर्व हक्क सुरक्षित.
खरं आहे. हक्क तेवढे सुरक्षित.

तिला मिळाली ती कॅसेट तिहोची,
कुणाच्या तरी मावशीच्या शिलाई मशीनच्या खणात,
लोकरीच्या गुंड्यांखाली.
दोन रात्री ती कानाला लावून बसली,
किरकिर, शीळ, किरकिर,
तांदळातले खडे वेचावेत तसा एकेक बिट वेचत.
फाइल धाडताना लिहिलं:
हे बहुधा बेकायदा आहे. तुम्ही तक्रार कराल का?
मी? कुणाविरुद्ध?

नातवाने एम्युलेटर चालू करून दिला.
लॅपटॉपच्या अंगात आलं जुनं यंत्र.
कडेच्या पट्ट्या थरथरल्या, निळ्या, पिवळ्या,
आणि वर आलं: तिहोने फोडला.
शिवी हासडली मी. सवयीने.
मग वल्ही मारत निघालो,
बोटांना वळणं पाठ होती.

तिसऱ्या रात्री हात थांबले.
तिथे एक खडक आहे, त्याच्यापुढे कुणी जाऊच शकत नाही.
एक आकडा चुकला होता माझा,
कळलं तेव्हा माल दुकानात पोचला होता.
दोनशे बारा घरांत, पैसे मोजून घेतलेल्या
दोनशे बारा होड्या त्या खडकाला अडकून राहिल्या.
हे कधी कुणाला सांगितलं नाही.
ल्येर्कालाही नाही, आणि आता ती नाही.

होडी सरळ निघून गेली.

आकडा दुरुस्त केला होता त्याने.
आणि वर पाहिलं, तर काळ्यात ठिपके.
पांढरे. मोजले. एकोणीस.
एवढी जागा माझ्या कुठल्या फाफटपसाऱ्यातून काढली त्याने,
मला अजून सापडलेलं नाही.
चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात.
ते असं मोजता येईल, वाटलं नव्हतं.

मेत्का विचारते आहे,
नोंदवहीत कर्ता म्हणून कुणाचं नाव घालू?
थांब म्हटलंय तिला.
कोटाचा हिशेब व्हायचाय,
आणि अजून चार रात्री बाकी आहेत.