लाल ठिपका

ओव्हनच्या बटणावरचे आकडे
कधीच पुसून गेलेत.
उरलाय नेलपॉलिशचा एक लाल ठिपका,
आउनेने लावलेला.
तिथवर फिरवायचं,
एवढंच वेइक्कोला ठाऊक.

तुर्कूतला नोव्हेंबर. चार वाजताच अंधार.
गाजर, बटाटे, कांदा, बीट
हाताला येईल तसं कापलेलं,
कुठे बोटाएवढं, कुठे मुठीएवढं.
वर तेल.
मीठ बहुतेक दोनदा पडलं.

मग खुर्ची ओढून
काचेसमोर चाळीस मिनिटं बसला,
टीव्ही बघावा तसा.
कांदा आधी हरला, कडांनी काळा.
बटाटा मात्र सुरीला दाद देईना.

डबा कोटाच्या आत धरून
तो शुश्रूषागृहाच्या चौथ्या मजल्यावर.
काल ती त्याला पोस्टमन समजली होती.
आज काहीच म्हणाली नाही.
काट्याने गाजर उचललं,
दिव्यासमोर धरलं, उलटंसुलटं केलं,
आणि कपाळाला आठी :
"अहो, बीट वेगळं भाजायचं असतं.
सगळं लाल करून ठेवलंत."

"मला कोण सांगणार?"

"का? बायको नाही तुम्हाला?"
तिने चावता चावता विचारलं.

"आहे ना," तो म्हणाला.
"बटाटा राहू द्या तेवढा.
कच्चा आहे."