रक्षापात्रं

सकाळी सातच्या आत बाल्कनीतली सगळी रक्षापात्रं
गोळा करून खाली जमा करायची, असा हुकूम होता.
साउथॅम्प्टन सोडून एकच रात्र झालेली.
मी नवव्या डेकचा. माझ्या वाट्याला अठ्ठेचाळीस.
जाड काचेची, बुडाशी कंपनीचा नांगर.
एकात ऑलिव्हची बी निघाली, एकात मोत्याचं एकुलतं कानातलं,
बाकीच्यांत नेहमीचंच.

लोक काय काय म्हणाले ते सांगतो.
९१०२चा जर्मन म्हणाला, पैसे मी बाल्कनीचे भरलेत,
बाल्कनी म्हणजे काय, नुसता कठडा?
९१०८च्या दोघी बहिणींनी मला चॉकलेट दिलं,
जणू नियम मीच केला.
एकाने दार उघडलं, ट्रॉलीकडे बघितलं,
आणि न बोलता लावून घेतलं.
९१३०चा सिगारेट ओढतच नाही,
पण तत्त्व म्हणून तासभर भांडला.

मला विचाराल तर, मी भोकं मोजलेली आहेत.
वारा ठिणगी खाली फेकत नाही, आत फेकतो.
मागच्या सफरीत सातव्या डेकवर
वाळत घातलेल्या पोराच्या टॉवेलला
बांगडीएवढं भोक पडलं.
पोर तेव्हा टॉवेलात नव्हतं. एवढंच.

९११४ला मिसेस टॅटरसॉल. दमेकरी.
सहा वर्षं दर जूनमध्ये हीच खोली,
आणि सहा वर्षं दर जूनमध्ये तीच तक्रार :
पलीकडच्याचा धूर माझ्या चहात येतो.
पलीकडे, ९११६ला, मिस्टर ब्रॅडॉक.
हलच्या गोदीत टगबोटीवर आयुष्य गेलेलं,
हात अजून दोर धरल्यासारखे अर्धवट मिटलेले.

त्याने रक्षापात्र दोन्ही हातांनी आणून दिलं. धुतलेलं.
म्हणाला, रुफिनो, एक सांग.
गेल्या वर्षी याच कठड्यावरून
कॅप्टनची सही घेऊन मी एनिडला समुद्रात सोडलं.
ती राख चालली ना?
मी मान हलवली. होय की नाही,
ते मलाच कळलं नाही.
ट्रॉलीची चाकं कुरकुरली, तेवढं उत्तर.

तिसऱ्या दिवशी फ्योर्डमध्ये शिरलो.
पाणी हिरवं, दोन्हीकडे उभे कडे,
धबधबे इतके लांब की त्यांचा आवाजच पोहोचत नाही.
मिसेस टॅटरसॉल शाल घेऊन बाहेर बसलेल्या.
हवा स्वच्छ. चहाला चहाचाच वास.
मी टॉवेल बदलत होतो.
त्या पडद्यासारख्या पातळ भिंतीपाशी वाकल्या,
नाक पुढे काढून, सवयीने.
मग हळूच, शेजारणीला हाक मारावी तशा :
आहात का?

कुणी नव्हतं.
तो पाचव्या डेकवर होता, उजव्या बाजूला,
लाइफबोटींच्या सावलीत आखून दिलेल्या चौकोनात,
सात अनोळखी माणसांबरोबर, जिथून फ्योर्ड दिसत नाही.

दुपारी त्यांनी मला विचारलं,
पाचव्या डेकवर खुर्च्या असतात का.
असतात, म्हटलं, पण धूर फार.
माहीत आहे, त्या म्हणाल्या,
आणि पर्समधला पंप दोनदा हलवून बघितला.
त्या गेल्या का, ते मला ठाऊक नाही.
त्या वेळी मी ९१३०ची गादी उलटत होतो.

रक्षापात्रं खाली कोठारात आहेत,
बटाट्यांच्या पोत्यांशेजारी, एकात एक बसवलेली.
मी एक ठेवून घेतलं. चोरी म्हणा.
आमच्या केबिनला खिडकी नाही, चौघं जण, पाण्याखाली.
त्यात घड्याळ ठेवतो, इलोइलोची किल्ली,
आणि ते एकुलतं मोत्याचं कानातलं,
जे अजून कुणी मागायला आलेलं नाही.