मार्का

वरून पत्र आलं: मालखान्यातल्या जुन्या रायफली मोडीत काढायच्या,
त्याआधी यादी करा.
मूळ देश, निर्यातीची खूण, आयातीची खूण, शेरा.
सात दिवसांत.

आमच्या ठाण्यात गंज वाचणारं कुणी नव्हतं.
मग लटारू निकुरेंना बोलावलं, खात्यातून निवृत्त.
"आरमोरीचा आर्मोरर," असं स्वतःच सांगून
ते स्वतःच हसले
आणि खुर्ची सोडून पोत्यावर बसले.

पिशवीत रॉकेलची बाटली, नातवाचा दात घासायचा ब्रश,
भिंग, आणि शाळेतला खडू.
"आंगठ्यानं पाह्यजो आधी, पोरी. डोळे मागून येतेत."
लोखंडावर खडू फिरवला, फडक्यानं पुसला.
खाचेत उरलेल्या पांढऱ्यातून अक्षरं वर आली,
बांधीत पऱ्हे दिसू लागावेत तशी.

इंग्लंड. नळीवर, आडवं.
मी लिहायला घेतलं: मूळ देश...
त्यांनी माझा पेन धरला.
"हे जन्माचं नाही. निघतानाचं हाय.
घरच्या घरात पोरीच्या कपाळावर कोणी गावाचं नाव लिहिते काय?
बाहेर धाडताना लिहिते."

दुसरीवर दोन बाण, तोंडाला तोंड लावून.
एक बाण म्हणजे माल सरकारचा.
समोरासमोर दोन म्हणजे विकली, संबंध संपला.
"सरकारची काडीमोड,"
म्हणत त्यांनी तंबाखू दुसऱ्या गालात सरकवला.

तिसरी बंगालची, ईशापूरची.
मुकुट, साल त्रेचाळीस,
आणि बाजूला बारीक ठोकलेलं:
इंग्रजी बनावटीची नाही.
विलायतेच्या बाजारात उभं राहायला
तिला आधी हे कबूल करावं लागलं होतं.
आपण काय नाही, याचीही मोहर असते
हे मला माहीत नव्हतं.
म्हणजे, होतं. माझ्या भरतीच्या फायलीत
नॉन-क्रिमिलेअर लावलेलंच आहे.
लोखंडावर पाहिलं नव्हतं, इतकंच.

मग ती इकडं परत कशी आली?
"कोण्या जमीनदाराच्या शिकारीपायी.
लोखंडाले वाट कोण विचारते?"

अकरावीवर काहीच नाही.
मुकुट नाही, बाण नाही, सगळं कानशीनं घासून काढलेलं.
मी रेघ ओढणार, तेवढ्यात
त्यांनी दस्त्यामागची पट्टी उघडली. दोन स्क्रू.
लाकडाच्या कापल्या तोंडावर एक गोल, गोलात अक्षरं,
अर्धी दस्ता तासताना गेलेली.
ते बराच वेळ बोलले नाहीत.
"साग," म्हणाले. "जंगलखात्याचा हातोडा हाय हा.
मूळचं अक्रोड फुटलं असंन, कोण्या सुतारानं इथलंच बसवलं.
माहा बाप डेपोत मार्का मारे.
एका ओंडक्याले एकच ठोका. दुसरा लागला
का साहेब रोजी कापे."

हा ठोका त्यांचा असेल का?
विचारायला नको होतं.
"मार्का सरकारचा असते, माय. हाताचा नसते."
पण दस्ता त्यांनी नाकाशी नेला.
त्या लाकडाला आता रॉकेलशिवाय
कसला वास उरला असेल, मला कळलं नाही.

लाकडाला यादीत रकाना नाही.
शेऱ्यात लिहिलं: दस्ता स्थानिक.
चौथ्या दिवशी वरून फोन,
स्थानिक म्हणजे कुठला देश?

गॅस कटर आला, दुपारभर अंगणात ठिणग्या.
लोखंडाचे तुकडे मोजून पोत्यात, पोत्याला लाखेची मोहर.
अकरावीचा दस्ता मी बाजूला ठेवलाय,
कपाटात, रजिस्टरांच्या मागे.
तीन बंदरं ओलांडून आलेल्या बंदुकांना इथवर कुणी अडवलं नाही.
वीतभर साग आरमोरीला पोचवायचा
तर वाहतुकीचा पास लागतो,
आणि त्यावर आणखी एक हातोडा.