अर्धं पोतं

खांबावरून उतरलो तेव्हा
पाय जमिनीला लागले, मी नाही.
लाइन घरगुतीच होती, झटका निमिषाचा.
हातातली पक्कड उडाली,
ती दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर सापडली.
हात अजून सापडायचे होते.

हिंगणघाटच्या डॉक्टरने पट्टी वाचली. सगळं नॉर्मल.
मी मान हलवली.
कुणाची तरी मान हलली.

घरात वावरताना चौकटीला खांदा लागायचा,
तेवढ्यापुरतं कळायचं, आपण इथे संपतो.
मग मी मुद्दाम लागू लागलो.
आत जाताना एकदा. बाहेर येताना एकदा.
वच्छलाने दोन दिवस पाहिलं, बोलली नाही.
तिसऱ्या रात्री तुरीचं अर्धं पोतं
फरफटत आणलं, माझ्या मांडीवर ठेवलं.
"काहून वो?"
"बसा असेच. नाही त उडून जासान."

दाणे आधी कुरकुरले, मग सरकले,
पाणी उतार शोधतं तसे
गुडघ्याच्या वाटीपाशी, मांडीच्या घळीत
जागा धरून बसले.
किती वेळाने कोण जाणे,
पोत्याखाली एक मांडी दुखली.
माझी.

सकाळी घरचा नळ सोडून तिने हापशीवर पिटाळलं,
अनवाणी.
"हातानं नोका दाबू, आंगानं दाबा."
दांडा खाली, टाचा खाली,
कोरडा लोखंडी खोकला, पंधरा, सोळा,
आणि नळीतून चढत आलेलं पाणी
मला आधी तळपायात कळलं,
मग बादलीत.
येताना हापशीभोवतीची काळी माती
एकेका टाचेला किलोभर.
घरापर्यंत प्रत्येक पाऊल उचलावं लागलं.

सात आठवडे झाले. साहेबाने खुर्ची दिलीय, बिलं मोजतो.
मोजता मोजता अंगठा परका होतो कधी,
तेव्हा टेबल खालून वर रेटतो.
कुणाला दिसत नाही.

डीपीजवळच्या त्या सिमेंटच्या खांबाला
कुमरेची म्हैस रोज अंग घासते.
पूर्वी ढेकूळ मारून हाकलायचो तिला.
काल थांबलो.
ती तिकडून, मी इकडून,
पाठ टेकून, टाचा रोवून.
वर तारा गुणगुणत होत्या.
वर पाहिलं नाही अजून.
तिचं घासून झालं, ती निघून गेली.
मी आणखी थोडा वेळ.