नमुना सही

दमयंती विजेकूनला मी कधी पाहिलं नाही.
पाहिली ती तिची सही,
कोलंबोहून येणाऱ्या दालचिनीच्या, लवंगेच्या
उत्पत्तीच्या दाखल्यावर, खाली उजव्या कोपऱ्यात.
सिंहली अक्षरं, मला न वाचता येणारी,
ताटात वाळत घातलेल्या कुरडयांसारखी गोल,
आणि शेवटी एक शेपूट, घाईत ओढलेलं,
जणू मागे कोणी हाक मारतंय.

बॅलार्ड इस्टेटला, कस्टम हाउसच्या दुसऱ्या मजल्यावर
नमुना सह्यांची एक फाइल होती.
तिच्यातल्या सहीशी दाखल्यावरची जुळली
तर शुल्कात सवलत.
नाही जुळली तर माल गोदीत
आणि डॅमरेजचा मीटर चालू.

मी क्लिअरिंग एजंटाचा माणूस, दामोदर चेऊलकर.
खिशात शाईचा पॅड, टाचण्या कॉलरच्या आत.
अकरा टेबलं फिरायची, आठ शिक्के गोळा करायचे,
आणि नवव्या टेबलाचे साहेब कायम जेवायला गेलेले.

एका फेब्रुवारीत सही वाकडी आली.
कानिटकर मॅडमनी भिंग काढलं,
फाइल उघडली, मिटली, पुन्हा उघडली.
"ही ती नव्हे."
मी म्हटलं, "मॅडम, बाई तीच आहे.
शेपूट बघा. दुसऱ्या कोणाला अशी घाई नसते.
हाताला काहीतरी झालंय तिच्या."
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"तुम्ही कोण तिचे?"

याला उत्तर नव्हतं.
एकोणीस दिवस कंटेनर उभा.
मशीद बंदरात वेलजीशेठ रोज
व्याजाचा आकडा माझ्या तळहातावर पेनाने लिहायचे,
म्हणायचे, धुवू नकोस, बायकोला दाखव.
मी रात्री हात धुवायचो
आणि विचार करायचो, पडली असेल? जिन्यावरून?
तिथे तिला चहा कोण करून देत असेल.

विसाव्या दिवशी पत्र आलं, शिक्क्यासहित.
उजवा हात प्लास्टरमध्ये, सही डाव्या हाताची.
मॅडम काही बोलल्या नाहीत.
फाइलीत नवा नमुना चिकटवला
आणि मला बसायला सांगितलं,
बावीस वर्षांत पहिल्यांदा.

आता आमच्या ऑफिसात निनाद आहे.
जहाज न्हावाशेव्याला लागायच्या आधी,
अजून समुद्रातच असतं तेव्हा,
रात्री साडेदहाला त्याचा मोबाइल वाजतो: मंजूर.
दाखला कोलंबोहून थेट संगणकात उतरतो,
कोपऱ्यात काळ्यापांढऱ्या चौकोनांची रांगोळी.
यंत्र ती वाचतं. यंत्राला शंका येत नाही.
यंगूनची तूर तशीच येते, चितगावचा ताग तसाच,
आणि वेलजीशेठचा नातू
कोणाच्या हातावर काही लिहीत नाही.

बरंच झालं. खोटं कशाला बोलू?
त्या अकरा टेबलांसाठी मी रडणार नाही,
टेबलांसाठी कोण रडतं.
भिजलेल्या लवंगेचा वास ज्याने घेतलाय
तो जुन्या दिवसांची गाणी गात नाही.
फक्त एकदा निनादला विचारलं,
या चौकोनांत बाईंचं नाव असतं का रे?
त्याने बोटांनी मोठं करून पाहिलं.
"असेल आत कुठेतरी.
आपल्याला लागत नाही ना?"

मार्चमध्ये मी सुटलो.
फंडाच्या पैशासाठी बँकेत गेलो.
काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनकडे पाहिलं,
मग कागदाकडे, मग परत स्क्रीनकडे.
"काका, सही जुळत नाही."
हात हल्ली थरथरतो, विशेषतः उंच काउंटरवर.
मी म्हटलं, "कोलंबोला विचारा."

तिला कळलं नाही.
तिने अंगठ्याचं यंत्र पुढे सरकवलं.