चौकटीतली खाच

लिओनिल्दबाईंच्या दाराला चुना लावायला गेलो
तेव्हा उजव्या खांबात, खांद्याच्या उंचीवर,
बोटभर लांबीची खाच दिसली. तिरकी.
म्हटलं, ही बुजवून टाकू?
पाल राहते आत, पोरं गोळ्यांचे कागद कोंबतात.
बाई म्हणाल्या, बुजव.

मी पाथरवटाचा मुलगा. दगड वाचता येतो मला,
अक्षरांपेक्षा बरा.
खाच सावकाश कोरलेली. छिन्नी धारेची, हात बसलेला,
कडा अजून सरळ.
खाली मात्र एक क्रूस, सुरीनं ओरबाडलेला,
एक भुजा दुसरीहून लांब.
काढणाऱ्याचा हात थरथरत होता, किंवा अंधार होता,
किंवा गल्लीत कुणी दिवटी घेऊन उभं होतं.
भक्तीनं काढला की भीतीनं,
ते दगड सांगत नाही.

चुना कालवत होतो, तेवढ्यात एक म्हातारा
कास्तेलो द व्हीदची ती दम काढणारी चढण चढून आला.
नाव एल्काना, गाव सलोनिका. त्याची बोली
आमच्या भाषेची चुलत बहीण,
पाचशे वर्षं पेटीत घडी घालून ठेवलेली.
त्यानं काही विचारलं नाही. खाचेत बोट घातलं
आणि ते बोट ओठांना लावलं.

इथे कातड्याची गुंडाळी असायची, तो म्हणाला,
देव एकच, असं लिहिलेली.
शिरताना आठवावं, निघताना आठवावं.
बाई म्हणाल्या, मीही पोरांना आधी हेच शिकवते.
आतल्या खोलीत आठ पोरं बसली होती,
रविवारी पहिलं प्रभुभोजन म्हणून,
बेखमीर भाकरीची चकती
दाताला न लावता कशी गिळायची ते शिकत.

मग तो एकेक शब्द उचलून दाखवायला लागला,
मी जुन्या भिंतीतला दगड ठोकून सांगतो ना,
हा इथला नाही, दुसऱ्या घरातून आलाय, तसा.
शनिवारला साबादो म्हणता? तो आमचा शब्बाथ.
पाश्कोआ म्हणता? आमचं वल्हांडण.
घाईची रात्र, पीठ फुगायला सवड नाही,
दाराच्या खांबांना कोकराचं रक्त.
कोकरू आमच्याकडेही आहे, बाई हळूच म्हणाल्या.
आहे, तो म्हणाला. आणि तुम्ही ज्याला कोकरू म्हणता
त्याची आई शुक्रवारी, ऊन उतरायच्या आत,
दिवा लावत असणार.
मशीहा म्हणजे माथ्यावर तेल ओतलेला.
ख्रिस्त म्हणजेही तेच, फक्त ग्रीकमध्ये.
मला आठवलं, बिजागरीला तेल घालायचं राहिलंय.

इथवर दोघं हसत होते.
मग बाई म्हणाल्या, तो येऊन गेला.
एल्काना म्हणाला, आम्ही वाट बघतोय.
कुणी आवाज चढवला नाही. पण घमेल्यातला चुना
आवळायला लागला होता, आणि मला कळेना
त्या दोन वाक्यांमधली फट
कशानं भरतात.
क्रुसाकडे बघायचं दोघंही टाळत होते.
शेवटी त्यानंच पाहिलं. म्हणाला, हे काढणारा
माझ्या खापरपणज्याचा भाऊ असेल.
किंवा तुमचाच खापरपणजा.
बाईंनी पदर नसलेल्या खांद्यावरून
उगीच हात फिरवला, काही झटकल्यासारखा.

आत पोरं म्हणाली, आमेन. एका सुरात, कंटाळून.
हाही तुमचाच? मी विचारलं.
हा तुझा, तो म्हणाला.
धातू एकच. पक्कं, टेकलं तरी न ढळणारं.
दाराच्या खांबाचा शब्द त्यातूनच निघतो,
आणि कारागिराचा त्याचा सख्खा शेजारी.

तीस वर्षं मी मिस्सेला मागे उभा राहतो,
दारापाशी, लवकर सटकता यावं म्हणून,
आणि आमेन म्हणतो
शिंकेनंतर काहीतरी म्हणावं तसं.
त्या दिवशी खांबावर हात ठेवला.
थंड होता. हलला नाही.

खाचेसाठी कालवलेला चुना
उंबऱ्याखालच्या भेगेत दाबून टाकला.
बाईंनी पाहिलं, आणि म्हाताऱ्यासाठी पाणी आणायला गेल्या.

हिशेबाच्या कागदावर लिहिलं:
चौकट, चुन्याचे दोन हात.
बिजागरी, तेल.
खाच, बुजवली नाही. तिचे पैसे नाहीत.